मनसरच्या टेकडीवर दोन मतं : नागपुरातून निघालेल्या एका छोट्या अभ्याससहलीचं प्रकरण

नागपूरहून रामटेकला जाणाऱ्या सहलींना तोटा नाही. पन्नास सीटची बस, गडमंदिरावर दर्शन, खिंडसीला बोटिंग आणि जेवण, परतताना मनसरची टेकडी खिडकीतूनच दाखवायची आणि दिवेलागणीला सीताबर्डी. या सहलींना नावं ठेवण्याचं कारण नाही. देवदर्शन आणि हवापालट यासाठी त्या ठीकच आहेत. पण दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटक राजघराण्याची सत्ता ज्या परिसरातून चालली, तो परिसर समजून घ्यायचा असेल तर वेगळी सहल लागते. माणसं थोडी, ठिकाणं मोजकी, आणि सोबत असा मार्गदर्शक की ज्याला माहिती तर आहेच, पण त्या माहितीत पक्कं काय आणि कच्चं काय हेही सांगता येतं.

खाली मांडलेलं प्रकरण अशाच एका सहलीचं आहे. मी तिचा समन्वयक होतो, म्हणजे गाडी, जेवण, वर्गणी आणि फोन माझ्याकडे. बोलण्याचं काम माझ्याकडे नसल्यामुळे दिवसभर ऐकता आणि बघता आलं. दुपारी मनसरच्या टेकडीवर जे घडलं ते विदर्भात अशा सहली काढणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येणार आहे, म्हणून ते नीट लिहून ठेवतो आहे. माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

गट आणि ताईंच्या अटी

थंडीतला रविवार, टेंपो ट्रॅव्हलर, अकरा माणसं. महालातले संस्कृतचे निवृत्त शिक्षक, त्यांना सगळेच ‘सर’ म्हणत होते. इंदोऱ्याचे बँकेतून निवृत्त झालेले काका आणि आठवीतली त्यांची नात. नर्सिंगची नोकरी संपवून आता हिंडायला मोकळ्या झालेल्या एक मावशी. मिहानमध्ये नोकरी करणारे दोन तरुण. मनीषनगरचं एक जोडपं, त्यांचा मुख्य ओढा गडमंदिराकडे. बाकीची मंडळी एकमेकांच्या ओळखीने आलेली.

मार्गदर्शक ताई मूळच्या रामटेक तालुक्यातल्या. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागातून शिकलेल्या. बोलणी करतानाच त्यांनी सांगितलं होतं की बारापेक्षा जास्त माणसं नकोत आणि माईक नको. रामटेकचं केवल नरसिंहाचं देऊळ आतून इतकं लहान आहे की पाच-सहा माणसं उभी राहिली की मूर्ती दिसेनाशी होते. बारा माणसांच्या दोन पाळ्या करता येतात, पन्नासांच्या नाही.

जुनापाणीही त्यांनी नाकारलं. गटातल्या काहींना ते हवं होतं, आणि त्यात काही चूक नव्हती. काटोल रोडला शहराच्या अगदी जवळ लोहयुगातली सुमारे तीनशे शिलावर्तुळं आहेत. १९व्या शतकात रिव्हेट-कार्नाक या ब्रिटिश अधिकाऱ्याने ती उकरून पाहिली, पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी तिथे उत्खनन केलं. काही दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे अजून दिसतात. पण ती माणसं वाकाटकांच्या कित्येक शतकं आधीची, आणि जागा शहराच्या पार दुसऱ्या बाजूला. ‘एका दिवसात दोन काळ दाखवले की घरी जाईपर्यंत दोन्हींची सरमिसळ होते,’ असं ताई म्हणाल्या आणि नगरधन, मनसर, रामटेक एवढंच ठेवलं. क्रमही त्यांनीच ठरवला. जिथे डोळ्यांना सगळ्यात कमी दिसतं ते नगरधन आधी, आणि जिथे उभी देवळं आहेत ते रामटेक शेवटी.

गाडी कन्हानच्या पुलावर असताना त्यांनी आपली बोलण्याची पद्धत सांगून टाकली. ‘मी आज तीन तऱ्हेनं बोलणार. हे दिसतं, हे सापडलं, आणि हे मानतात. कुठली गोष्ट कशात बसते ते मी विसरले तर मला टोका.’ दिवसभर लोकांनी त्यांना टोकलं, आणि त्यांनी ते बिनतक्रार मानून घेतलं.

नगरधन

नगरधनचा किल्ला बघितल्याबरोबर सगळ्यांना वाटलं की हीच ती राजधानी. ताईंनी तो समज दारातच मोडला. आज उभा असलेला किल्ला फार नंतरचा, भोसलेकाळातला मानला जातो. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन आहे ती गावाखाली आणि गावाच्या आसपासच्या शेतांखाली. ते बघायचं तर जमिनीकडे बघावं लागतं, आणि जमिनीकडे बघून काही दिसत नाही. इथे मार्गदर्शकाचं बोलणंच सगळं काम करतं.

२०१५ ते २०१८ या काळात राज्याच्या पुरातत्त्व विभागाने आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मिळून इथे उत्खनन केलं. त्यात राणी प्रभावतीगुप्ताच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. लंबगोल, लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास, वजन साडेसहा ग्रॅमही नाही. तिच्यावर ब्राह्मी लिपीत राणीचं नाव आणि शंख. ही मुद्रा काही किल्ल्यावर ठेवलेली नाही. मग दाखवायची कशी? ताईंनी घरून शाडूच्या त्याच मापाच्या गोळ्या करून आणल्या होत्या. अक्षरं नसलेल्या, कोऱ्या. प्रत्येकाच्या तळहातावर एक-एक ठेवली आणि म्हणाल्या, ‘एवढीच होती. आता मूठ मिटा.’ अकरा माणसं किल्ल्याच्या आवारात मुठी मिटून उभी. एवढ्याशा मातीवर एका राज्याचा हुकूम चालत होता, हे त्यानंतर वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

मग राणीची गोष्ट. प्रभावती ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटक राजा दुसऱ्या रुद्रसेनाला दिलेली. नवरा लवकर गेला, मुलं लहान, म्हणून चौथ्या शतकाच्या शेवटी राज्याचा कारभार तिच्या हाती आला. युवराज दिवाकरसेनाची आई म्हणून तिने नंदिवर्धनहून दिलेला ताम्रपट आज पुण्याचा ताम्रपट म्हणून ओळखला जातो. त्याची सुरुवात सासरच्या वंशावळीने होत नाही, माहेरच्या गुप्त घराण्याच्या वंशावळीने होते. आणि राणी आपलं गोत्र सांगते तेही माहेरचं, धारण गोत्र.

मावशी इतका वेळ गप्प होत्या. ‘म्हणजे नवरा गेल्यावर, सासरच्या गादीवर बसून, माहेरचं गोत्र?’

‘हो मावशी. आणि तांब्यावर कोरून.’

‘बाप्पा!’ मावशींनी शाडूची गोळी पर्समध्ये जपून ठेवली.

माझ्या मते सहल जमली की नाही हे इथेच ठरलं. ताईंनी राणीला ‘त्या काळातली धाडसी स्त्री’ वगैरे काही म्हटलं नाही. ताम्रपटात काय आहे ते सांगितलं आणि थांबल्या. मावशींना जे कळायचं ते कळलं. ऐकणाऱ्याला काय वाटायला हवं हे मार्गदर्शकाने ठरवून टाकलं की माणसं माना डोलावतात आणि विसरतात.

मनसर

जेवण महामार्गावरच्या धाब्यावर झालं. मनसरच्या टेकडीवर स्वच्छतागृहाचा भरवसा धरता येत नाही, त्यामुळे बायकांची, म्हाताऱ्यांची सोय आधीच करून घ्यावी लागते. हे लिहिण्यासारखं वाटत नसेल, पण अशा सोयीअभावी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत, मग दुपारी उन्हात डोकं धरून बसतात आणि इतिहास बाजूला राहतो.

मनसरला मॅंगनीजची खाण आहे, जबलपूरच्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ आहे, आणि त्या सगळ्याच्या कडेला तलावाजवळ हिडिंबा टेकडी आहे. वर चढताना विटांच्या रांगा दिसू लागतात. पायऱ्या, जोती, विटांनी आखलेले चौकोनी खण. हे वाकाटकांच्या काळातलं मोठं विटांचं बांधकाम. ताईंनी सगळ्यांना एकदा न बोलता टेकडीला वळसा घालायला लावला. नातीने विटेचा तुकडा उचलला होता, तो ताईंनी तिच्याकडूनच जिथून घेतला तिथे परत ठेववला. ‘तुकडा आहे, पण त्याची जागा म्हणजे त्याचा पत्ता आहे,’ एवढंच म्हणाल्या.

मग वर सावलीत उभं राहून त्यांनी सांगायला घेतलं. १९७२ मध्ये या टेकडीवर लाल वालुकाश्मातली शिवमूर्ती सापडली, ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नंतरच्या उत्खननात ‘प्रवरेश्वर’ हे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या. प्रभावतीचा मुलगा दुसरा प्रवरसेन, त्याच्या नावाने उभारलेलं हे शिवाचं देवालय, असं त्यावरून मांडलं जातं.

काका पुढे आले. आवाज शांत होता, पण बराच वेळ मनात धरलेली गोष्ट बाहेर यावी तसा.

‘ताई, तुम्ही महादेवाचं देऊळ सांगून राहिल्या. पण ही जागा बौद्ध आचार्य नागार्जुनाची आहे. आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलो. दरवर्षी येतो आम्ही इकडे.’

ताई काही बोलायच्या आत सर म्हणाले, ‘ऐकीव गोष्टींवर इतिहास होत नाही जी. प्रवरसेनाचं देवालय आहे हे, पुरावा आहे. आता जिकडे-तिकडे विहारच दाखवायची टूम निघाली आहे.’

‘टूम?’ काका वळले. ‘आमचं काय होतं हे विचारलं तर ती टूम होते काय सर?’

नागपुरात राहणाऱ्याला या दोन वाक्यांच्या मागे काय आहे हे समजावून सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी एवढंच, की महाल हा जुन्या शहराचा भाग आणि इंदोरा ही आंबेडकरी बौद्धांची वस्ती, आणि ही नुसती वस्त्यांची नावं नाहीत. दोघंही सभ्य माणसं, दोघांचाही आवाज चढला नव्हता. पण गट दोन पावलं मागे सरला होता, आणि त्या क्षणी विषय टेकडीचा राहिला नव्हता.

अशा वेळी मार्गदर्शक सहसा दोनपैकी एक वाट धरतात. ‘चला, पुढचं बघू या, उशीर होतोय,’ म्हणून गाडीकडे निघतात. किंवा ‘दोघांचंही बरोबर आहे, आपली संस्कृती सर्वसमावेशक होती,’ असं काहीतरी गोड बोलून मोकळे होतात. पहिल्यात माणूस अपमान घेऊन घरी जातो. दुसऱ्यात दोघांनाही कळतं की आपल्याला गप्प केलं गेलं. ताईंनी दोन्ही केलं नाही. सगळ्यांना खाली बसवलं, विटांपासून दूर, गवतावर. आपली फाइल उघडली. शिवमूर्तीचा फोटो आणि प्रवरेश्वराच्या मुद्रांची नोंद काकांच्या हातात दिली. टेकडीवरच्या बौद्ध अवशेषांबद्दल उत्खनन करणाऱ्यांनी जे नोंदवलं आहे त्याचं टिपण सरांच्या हातात दिलं. आणि दोघांना ते सगळ्यांसाठी मोठ्याने वाचायला सांगितलं.

काकांनी चश्मा लावून वाचलं. बँकेतला माणूस, आकडा न् अक्षर चुकू न देणारा. फोटोकडे बराच वेळ पाहिलं. भरल्या अंगाची, बसलेली, गालात हसणारी मूर्ती. सरांनीही वाचलं. स्तूप हा शब्द आला तिथे ते एकदा थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य वाचलं, अर्थ नीट लागावा म्हणून.

वाचन झाल्यावर ताई बोलल्या, आणि माझ्या दृष्टीने पूर्ण सहलीतलं महत्त्वाचं बोलणं ते हेच. या टेकडीचं मोठं उत्खनन बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्र या संस्थेने करवून घेतलं. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे माजी महासंचालक जगत्पती जोशी आणि अरुणकुमार शर्मा यांच्या हाताखाली ते काम झालं. म्हणजे नागार्जुनाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्थेने टेकडी खणवली, आणि तिथे प्रवरेश्वराचं शिवालय सापडलं तेव्हा ते तसंच छापलंही. ‘काका, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. आणि सर, ज्या मुद्रांवर तुम्ही बोट ठेवता त्या तुमच्यापर्यंत या लोकांच्या कष्टामुळे आल्या.’

सर काही बोलले नाहीत. मान मात्र हलवली.

पण ताई तिथेच थांबल्या नाहीत, आणि तेच बरं झालं. दोघांनाही न आवडणारं त्यांनी स्पष्ट सांगितलं. काकांना म्हणाल्या, नागार्जुन या टेकडीवर राहिले हे सिद्ध करणारा सर्वांनी मान्य केलेला पुरावा नाही. चिनी प्रवासी ह्युएनत्संगने सातव्या शतकात नागार्जुनाचा संबंध कोसल देशाशी जोडला आहे, पण ती जागा नेमकी कोणती यावर एकमत नाही. टेकडीवरच्या काही बांधकामांना उत्खनन करणाऱ्यांनी स्तूप म्हटलं आहे, ते इतर काही अभ्यासकांना पटलेलं नाही. मग सरांकडे वळून म्हणाल्या, प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे हेच मनसर, असं आज बरेच जण मानतात, पण वाकाटकांचे कोरीव लेख ज्यांनी संपादित केले त्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार असं मांडलं होतं. म्हणजे सरांच्या बाजूचीही प्रत्येक गोष्ट दगडावरची रेघ नाही.

मग त्यांनी काकांना विचारलं, ‘ही जागा नागार्जुनाची असणं तुमच्यासाठी एवढं का महत्त्वाचं आहे?’ हा प्रश्न परीक्षा घेण्यासाठी नव्हता. काकांनी उत्तर दिलं. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ला दीक्षाभूमीवरच्या भाषणात नागपूरच का निवडलं ते सांगितलं होतं. या भागात बौद्ध धर्माचा प्रसार नाग लोकांनी केला, म्हणून नागपूर. ‘आमच्यासाठी तो इतिहास कुठे तरी लांब पडलेला नाही ताई. आम्ही इथले आहोत, याचा तो दाखला आहे. तोच कोणी टूम म्हणून उडवून लावला, तर आम्हीच कुठून तरी उपरे आलो असा त्याचा अर्थ होतो.’

गवतावर बसलेलं कोणी काही बोललं नाही. सरांनी थोड्या वेळाने ‘माझा शब्द चुकला, काका,’ असं म्हटलं. लगेच पुढे, ‘मुद्दा मी सोडला नाही,’ हेही म्हटलं. काका म्हणाले, ‘मीबी नाही सोडला.’ मला हे फार प्रामाणिक वाटलं. अपमानाबद्दल माफी मागितली गेली आणि मत मात्र जागेवर राहिलं.

ताईंनी यात एक गोष्ट घातली, ती मला या प्रकरणाचा गाभा वाटते. विदर्भातला प्राचीन बौद्ध धर्म सिद्ध करायला मनसरवर अवलंबून राहायची गरजच नाही, असं त्या म्हणाल्या. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तिथे १९६९-७०च्या उत्खननात जगन्नाथ टेकडीवर आणि चांडकापूरला मोठे स्तूप उघडकीला आले. ते वाकाटकांच्या कित्येक शतकं आधीचे आहेत, ब्राह्मी लेखांसह आहेत, आणि त्यांच्याबद्दल वाद नाही. तिथल्या शिल्पांत मुचलिंद नागही आहे. ‘ज्या पुराव्यावर कोणी बोट ठेवू शकत नाही तो सोडून आपण वादाच्या टेकडीवर का भांडतो?’ त्यांनी हे काकांना विचारलं, पण बघत होत्या सगळ्यांकडे. पवनी नागपूरहून एका दिवसात होते, तरी गटातल्या कोणीही ती पाहिली नव्हती. काकांनीही नाही.

रामटेक, घाईत

या सगळ्यात जवळजवळ पाऊण तास जास्त गेला. रामटेकला पोचलो तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं, आणि गडमंदिरावरचा वेळ कापावा लागला.

केवल नरसिंहाच्या देवळात मात्र ताईंनी घाई केली नाही. दोन पाळ्या केल्या. आत लाल दगडाची भली मोठी मूर्ती, एक गुडघा वर घेऊन ऐसपैस बसलेला नरसिंह, उजव्या हाती चक्र. मांडीवर हिरण्यकशिपू नाही, एकटा देव, म्हणून केवल. भिंतीत वाकाटक काळातला लेख आहे. चुन्याच्या थरांखाली तो झाकलेला होता, १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला चुना निघाला तेव्हा उजेडात आला. बराचसा झिजलेला आहे, पण त्यात प्रभावतीगुप्ताचं नाव आहे, आणि तिच्या मुलीने आईसाठी हे पुण्यकर्म केलं असं अभ्यासकांचं वाचन आहे. सकाळी नगरधनला जिच्या मुद्रेचं माप मुठीत धरलं होतं, तीच राणी इथे भिंतीवर भेटली. क्रम असा का ठेवला होता ते तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. मावशी लेखासमोर उभ्या राहिल्या त्या बाहेरून हाक मारली तेव्हाच हलल्या.

काकांनी इथे दिवसातला उत्तम प्रश्न विचारला. ‘हे पुजाऱ्यांनी भक्तीनं चुना लावला म्हणून झाकलं गेलं, की चुन्यामुळेच टिकलं?’ ताईंचं उत्तर असं होतं की दोन्ही असू शकतं, आणि या लेखापुरतं ठाम सांगायला त्यांच्याकडे आधार नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला रामगिरी कुठला, हा विषय सरांनी काढला. मिराशींनी तो रामटेक म्हणून सांगितला, छत्तीसगडातल्या रामगडचंही नाव घेतलं जातं, हे त्यांनी स्वतःच दोन्ही बाजूंनी मांडलं. सकाळी त्यांनी ते तसं मांडलं नसतं असं मला वाटतं. रिद्धपूरच्या ताम्रपटात प्रभावती ‘रामगिरीच्या स्वामीच्या’ पायाशी असल्याचा उल्लेख आहे, तो त्यांना तोंडपाठ होता. म्हणून तिथलं बोलणं ताईंनी त्यांच्याकडेच सोपवलं.

गडमंदिराची आरती चुकली. मनीषनगरचं जोडपं नाराज झालं, आणि परतीच्या वाटेत त्यांनी ते मला सांगितलं. ‘आम्ही इतिहास बघायला आलो होतो, लोकांची भांडणं ऐकायला नाही.’ मिहानच्या दोघांनाही मनसरचा शेवटचा भाग लांबल्यासारखा वाटला.

नंतर काय ठरलं

जोडप्याची तक्रार मी रास्त मानतो. आरती मिळेल असं त्यांना फोनवर सांगितलं गेलं होतं, आणि तेवढ्यासाठीच ते आले होते. पण मनसरला तो पाऊण तास दिला नसता तर काय झालं असतं याचाही हिशेब करावा लागतो. काका नातीला घेऊन रामटेकला गाडीतच बसून राहिले असते. सर आपण जिंकलो असं समजून घरी गेले असते. आठवीतल्या मुलीने आजोबांना कोणी काय म्हटलं तेवढंच लक्षात ठेवलं असतं. कार्यक्रमाचं वेळापत्रक महत्त्वाचं असतं, पण बारा माणसांची सहल काढायची ती ते वेळापत्रक मोडता यावं म्हणूनच. पन्नास माणसांच्या बसमध्ये गवतावर बसून कागद वाचता येत नाहीत.

ताईंच्या रीतीतली दुसऱ्या मार्गदर्शकांनी उचलावी अशी गोष्ट म्हणजे कागदांची अदलाबदल. स्वतःच्या बाजूचा पुरावा माणूस वाचतो तेव्हा तो टाळ्यांसाठी वाचतो. दुसऱ्याच्या बाजूचा पुरावा स्वतःच्या तोंडाने वाचताना त्याला प्रत्येक शब्द तोलावा लागतो. सरांनी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून का वाचलं, ते मी समोर बसून पाहिलं आहे. मात्र हे सगळीकडे चालेलच असं नाही. माणसं वाचणारी हवीत, आणि ज्याचं नाव निघालं त्या प्रत्येकाबद्दल मार्गदर्शकाला मनापासून आदर हवा. तो नसेल तर हीच युक्ती कोणाला तरी सगळ्यांसमोर उघडं पाडण्यासारखी होईल.

पुढच्या सहलींसाठी काही बदल केले. मनसरला दोन तास राखले. फाइलच्या तीन प्रती केल्या, म्हणजे मागे बसलेल्यालाही कागद हाती येतो. गडमंदिराची आरती मिळेलच असं सांगायचं नाही, हे नावनोंदणीच्या वेळीच स्पष्ट करायचं. ज्यांना दर्शनच हवं आहे त्यांना रामटेकहून संध्याकाळची बस कधी मिळते ते आधी सांगायचं. जुनापाणीसाठी अर्ध्या दिवसाची सकाळची फेरी स्वतंत्र ठेवली, शहराजवळ असल्यामुळे तिला जेवणाचीही गरज पडत नाही.

आणि पवनीची सहल नव्याने आखली. जगन्नाथ टेकडी, चांडकापूर, मग वैनगंगेचा घाट, एवढंच. नाव नोंदवणाऱ्यांत काका आणि त्यांची नात पहिली होती. सरांनी ‘बघतो’ म्हटलं आहे, पैसे अजून दिलेले नाहीत. मनसरला वाचलेल्या टिपणाची झेरॉक्स मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी मागवून घेतली, आणि त्यातल्या एका विधानावर ताईंना लांबलचक पत्र लिहिलं. ताईंनी त्याला उत्तर दिलं आहे. ते पत्र आणि उत्तर दोन्ही आता फाइलमध्ये लावलेलं आहे, मनसरला जाणाऱ्या पुढच्या गटाने वाचावं म्हणून.